नळी बघून सही करा

"आपल्याला एक डोळा मिटता येतो का?" रणदिवे बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी तेव्हा पेठेतल्या एका पोलीस ठाण्यात मुद्देमाल कारकून होतो. म्हणजे चोरीच्या सायकली, दारूचे कॅन, भांडणात डोकी फोडलेल्या बॅटी, असं जे जे कोर्टाला कधीतरी लागेल ते सांभाळणारा हवालदार. एकदा एक बोकडही सांभाळला. कोर्टाने त्याला बोलावेपर्यंत तो म्हातारा होऊन मेला, आणि त्याचा खुलासा मी तीन पानी लिहिला. निवडणूक जाहीर झाली की या कामात भर पडते. परवानाधारकांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत न्यायची. त्या दिवशी रांगेत बिल्डर होते, सराफ होते, कमरेच्या पिस्तुलावरून शर्ट मुद्दाम वर सरकवणारे दोन भावी नगरसेवक होते. आणि त्यांच्यामागे सुती साडीतली एक बारकी, सत्तरीची बाई, उशीचे अभ्रे जोडून शिवलेल्या लांब पिशवीत शिकारीची रायफल घेऊन उभी होती.

मी पावती फाडली, शिक्का हाणला आणि म्हणालो, "सही करा."

"स्थितीचा रकाना रिकामा आहे," बाई म्हणाल्या.

"कसली स्थिती?"

"रायफलची. माझी विचारत असाल तर उत्तम आहे."

मी "चालू स्थितीत" लिहायला पेन उचललं, तेव्हा तो डोळा मिटायचा प्रश्न आला. बाईंनी रायफलचा बोल्ट ओढून काढला. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा मागेपुढे सरकणारा लोखंडी दांडा. तो गोळी आत ढकलतो आणि मागून दार लावतो. त्या मोकळ्या जागी त्यांनी पांढऱ्या कागदाची घडी धरली आणि नळीचं तोंड माझ्याकडे केलं. "एक डोळा मिटा, दुसऱ्याने बघा, आणि जे दिसेल तेच लिहा." बारा वर्षांच्या नोकरीत मी कुणाच्या नळीत डोकावलो नव्हतो. आत लख्ख उजेड होता आणि कडेने गोल फिरत गेलेल्या खाचा होत्या. मी "नळी स्वच्छ" असं लिहिलं. मग बाईंनी सही केली. "नळी बघितल्याशिवाय सही करू नये, हवालदार. आपण तर पोलीस आहात." मागचा भावी नगरसेवक हसला, तेव्हा बाईंनी वळून त्याच्या कमरेकडे पाहिलं. "आपली कधी पुसली होती?" तो शर्ट खाली ओढून उभा राहिला.

मी भंडाऱ्याकडचा. आमच्याकडे माणूस चिडला की चारचौघांत आवाज चढवतो आणि पाच मिनिटांत चहा पाजतो. पुण्यात माणूस चिडला की "आपण" म्हणतो. "आपण जरा बाजूला होता का?" या वाक्यातली शिवी ओळखायला मला दोन वर्षं लागली. रणदिवे बाई मला पहिल्या दिवसापासून शेवटच्या फोनपर्यंत "आपण"च म्हणाल्या, यावरून आमचे संबंध कसे होते ते समजून घ्या.

त्या वर्षी निवडणुकीच्या मध्येच दसरा आला. खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा असते. मी बौद्ध घरातला, पूजेला बसत नाही. पण आरास मेश्रामसारखी, म्हणजे माझ्यासारखी, कुणाला जमत नाही असं साहेबांचं मत होतं, आणि साहेबांचं मत म्हणजे ड्यूटी. मग मीही हौसेने केली. जमा झालेल्या चार लांब रायफली पंख्यासारख्या मांडल्या. त्यांचे बोल्ट काढून तांब्याच्या ताम्हनात कमळासारखे रचले, मध्ये झेंडूचं फूल ठेवलं. सगळ्यांवर हळद-कुंकू पडलं, नारळाचं पाणी शिंपडलं गेलं. साहेबांनी फोटो काढून स्टेटसला ठेवला, त्याला म्हणे आयुक्तालयातूनसुद्धा अंगठे आले. दुसऱ्या दिवशी मी कमळाची एकेक पाकळी उचलून एकेका रायफलीत घातली. प्रत्येक बोल्टवर त्याच्या रायफलीचा नंबर कोरलेला असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बोल्ट तो बोल्ट.

निकाल लागला, पडणारे पडले, आणि बाई रायफल न्यायला आल्या. त्यांनी पर्समधून भिंग काढलं.

"हा बोल्ट माझा नाही."

"बाई, रायफल तुमचीच आहे की."

"रायफल माझी आहे. बोल्ट दुसऱ्याचा आहे. तोंड आपलं आणि कवळी शेजाऱ्याची, असं चालतं का आपल्या घरी?" मग त्यांनी करंगळी आत फिरवली. ती लाल होऊन बाहेर आली. "हे काय?"

"कुंकू. पूजा केली होती."

"नारळाचं पाणी?"

"थोडंसंच."

"वा! म्हणजे सवाष्ण होऊन गंजली."

माझं लक्ष करंगळीकडे नव्हतं. उरलेल्या दोन रायफली मी धावत जाऊन पाहिल्या. त्यांचे नंबर जुळत होते. चौथी रायफल तुपे नावाच्या शेतकऱ्यांची होती. पत्ता पेठेतला, पण ऊस लोणी काळभोरला. ती ते आदल्या दिवशीच घेऊन गेले होते. हत्याराचा भाग गहाळ म्हणजे सरळ निलंबन. माझी मुलगी बारावीला होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे तिचे क्लास, भाड्याचं घर, सगळं फिरायला लागलं. बाईंनी एक अर्ज लिहिला असता तर मी त्या बोकडाच्या वाटेने गेलो असतो.

"आपल्या नोकरीचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. "परका बोल्ट नीट बंद होत नाही. त्यांनी गोळी झाडली तर धडाका पुढे जायच्या ऐवजी मागे येईल. तोंडावर. फोन लावा."

मी फोन लावला आणि बोल्ट बसतोय का म्हणून विचारलं. तुपे आनंदाने म्हणाले, "बसतोय की! जरा टाईट हाय, पर हातोडीनं दोन ठोकं दिलं, बसला. डुकरं लई माजल्यात उसात. आज बार काढनार हाय हवेत."

"काढू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की कोठडीतला आरोपीही उठून बसला.

तुप्यांचा काही भरवसा नव्हता, तेव्हा आम्ही निघालो. मी, माझी मोटारसायकल, मागे रणदिवे बाई, आणि त्यांच्या खांद्याला अभ्र्यातली रायफल. बाईंनी आधी हेल्मेट मागितलं. पेठेत जन्मून, वाढून स्वतःहून हेल्मेट मागणारी व्यक्ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि अजून दुसरी पाहिलेली नाही. हडपसरच्या गर्दीत तासभर अडकलो, तेवढ्या वेळात त्या एकच वाक्य बोलल्या, "आरास छान झाली होती का हो?"

लोणीला तुप्यांच्या ओसरीवर बाईंनी सतरंजी अंथरायला लावली आणि दोन्ही रायफली उघडल्या. हातोडीचा वण पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले. तुपे म्हणाले, "आता बाई, खुट्टा काय आपन हातानं ठोकतो का?" बाई म्हणाल्या, "आपण खुंट्याला बार काढता का?" बोल्टांची अदलाबदल झाली, भिंगाने नंबर पाहिले गेले. मग बाईंनी पिशवीतून एक दोरी काढली. तिच्या एका टोकाला पितळेचं वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायचा फास. आमच्या खात्यात तिला फुलथ्रू म्हणतात आणि ती कपाटात सुखाने पडून असते. बाईंनी वजन मागच्या बाजूने नळीत सोडलं, पुढच्या तोंडातून बाहेर आलेली दोरी हाताला गुंडाळली आणि एका दमात ओढली. तुप्यांच्या नळीतून चिंधी कुंकवाच्या डबीतून काढल्यासारखी निघाली.

"पूजा केली तेव्हा थोडं..." मी सुरुवात केली.

"काही बोलू नका," बाई म्हणाल्या. "चिंधी बोलते आहे. ती खोटं बोलत नाही."

परतताना मी सिग्नलला विचारलं, "बाई, तक्रार करणार?" मागून उत्तर आलं, "तक्रार केली तर आपलं नुकसान एकदाच होईल. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी नऊला घरी या. शिकवते. म्हणजे दर महिन्याला होईल."

बाई मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. "विचारायला आलेल्यांना माझे प्रश्न आवडले नाहीत," एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जेवायला एक टेबल, टेबलाला एकच खुर्ची. माझ्यासाठी त्या शेजाऱ्यांकडून स्टूल आणायच्या आणि साडेदहाला परत पोचवायच्या. टेबलावर त्या दिवशीचा पेपर अंथरायचा. आधी रायफल रिकामी आहे का ते पाहायचं. डोळ्याने पाहायचं आणि वर करंगळी घालून चाचपायचं. "डोळ्याला जे हवं असतं तेच दिसतं. करंगळीला काही हवं नसतं." मग बोल्ट, मग मॅगझिन, काढलं त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे. जोडताना उजवीकडून डावीकडे. एकदा मी मध्येच मोबाईल पाहिला, तर बाईंनी तोही ओळीत ठेवला आणि शेवटी परत दिला.

नळी साफ करायची ती बोल्टच्या बाजूने, तोंडाकडून कधीच नाही. "तोंडाला घासाघीस केली की नेम बिघडतो. आपल्या साहेबांचं बघा." चिंध्या मांजरपाटाच्या, पट्टी लावून कापलेल्या, सगळ्या एका मापाच्या. शेवटी तेलाचं बोट. मी पहिल्यांदा हात सैल सोडला, तेव्हा म्हणाल्या, "मेश्राम, तेल लावायचं आहे. तळायची नाही." एकामागून एक चिंधी ओढत जायचं, ती पांढरी निघेपर्यंत. मी एकदा जरा करड्या चिंधीला "झाली की पांढरी" म्हणालो. बाईंनी ती माझ्या शर्टाच्या बाहीवर ठेवली. मी पुढची चिंधी घेतली.

एवढं करून ती रायफल बाईंनी आयुष्यात एकदाच उडवली होती, सोळाव्या वर्षी, वडिलांच्या देखरेखीखाली, नदीकाठच्या बाभळीवर. बाभळीला लागली नाही. "मग एवढं कशासाठी पुसता?" मी विचारलंच. त्या बोल्ट पुसत होत्या, हात थांबला नाही. "वडिलांनी भावाला जमीन दिली, मला ही. भावाने जमीन विकली, आता तिथे मुलांचं हॉस्टेल आहे. माझ्याकडे दिलेलं जसं दिलं तसं आहे. कुणी विचारायला येणार नाही, मला माहीत आहे. पण आलं तर दाखवता यायला हवं." एवढं सलग बोलणं मी त्यांच्या तोंडून एरवी ऐकलं नाही, आणि त्यात एकही टोमणा नव्हता.

परवान्याच्या नूतनीकरणाला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने कागद चाळले आणि हसू दाबत विचारलं, "मॅडम, पीकसंरक्षणासाठी लायसन्स आहे. सदाशिव पेठेत रानडुकरं किती आहेत?"

"मोजली नाहीत," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी क्लास सुटतात तेव्हा गाड्यांवरून जातात. आपणच येऊन मोजा."

त्याने परवान्यावर शिक्का मारला. बाई जागच्या हलल्या नाहीत. "तारीख वाचून मारलात का?" त्याने तारीख वाचली. चुकीची निघाली.

चार वर्षं माझे शेवटचे रविवार असे गेले. घरी बायको म्हणायची, सख्ख्या आईकडे वर्षातून एकदा जाता, या बाईंकडे बारा वेळा. मग माझी बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. तिथून पेठेत यायचं म्हणजे भंडाऱ्याला जाणं परवडलं. एक रविवार चुकला, दोन चुकले. बाईंचे हात तेव्हा थरथरायला लागले होते; चहाच्या बशीचा आवाज यायचा. मी तो ऐकला होता, नाही असं नाही. पुढे रविवारची जागा फोनने घेतली. बरोब्बर नऊला मी फोन करायचो, आणि बाई म्हणायच्या, "नळी स्वच्छ आहे. आपण यायची आवश्यकता नाही." वाक्य संपायच्या आत माझं "बरं बाई" तयार असायचं. एकदा दिवाळीच्या सुमारास त्यांनी विचारलं, "आपल्या ठाण्यात लांब लोखंडी गज असतो का हो, नळीत घालायचा?" मी म्हणालो, "असेल, बघतो." मी बघितलं नाही. बाईंनीही पुन्हा विचारलं नाही.

फेब्रुवारीत बाई गेल्या. झोपेत गेल्या, कुणाला त्रास न देता. बाणेरहून त्यांच्या भाचीचा, मंजिरीचा, फोन आला. "मावशीच्या वहीत बंदुकीच्या पानावर तुमचा नंबर आहे. ती जमा करायचीय ना? मला हात लावायची भीती वाटते." मी गेलो. रविवार होता, पण महिन्याचा शेवटचा नव्हता. बाईंनी हे आधी सुनावलं असतं.

टेबलावर पेपर अंथरलेला, त्यावर धुतलेली चादर, चादरीखाली रायफल. मी चादर बोल्टच्या बाजूने अर्धीच दुमडली. बोल्ट आणि मॅगझिन डावीकडून उजवीकडे ओळीत. बोल्टचा नंबर पाहिला, जुळला. मी मंजिरीला म्हणालो, "बघा, याला म्हणतात शिस्त." मग डब्यातल्या चिंध्यांकडे लक्ष गेलं. वेड्यावाकड्या, लहानमोठ्या, काही नुसत्या फाडलेल्या. पेपरवरची तारीख पाहिली तर जुलैची. मी करंगळी घालून चाचपलं, नळी खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटला.

काहीच दिसलं नाही. पलीकडचा उजेडच येत नव्हता. नळीच्या मधोमध चिंधी अडकून बसली होती. तोंडातून दोरी लोंबत होती, आणि तिच्या टोकाला पोळ्या लाटायचं लाटणं बांधलेलं होतं. हाताची मूठ वळत नव्हती, म्हणून बाईंनी लाटणं बांधून दोन्ही हातांनी ओढून पाहिलं होतं. किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे. लाटण्यावर दोरीचे वळ पडले होते.

"हे टेबल जुलैपासून असंच आहे?" मी विचारलं.

"हो ना," मंजिरी म्हणाली. "मावशी ओट्याशी उभी राहून जेवायची. मी कितीदा म्हटलं, आवरून देते. तर म्हणायची, हात लावू नकोस, काम चालू आहे. मेश्राम येणार आहेत."

मी त्या एकुलत्या एका खुर्चीवर बसलो. जुलैपासून सात रविवार, सात फोन, सात वेळा "नळी स्वच्छ आहे", सात वेळा माझं "बरं बाई". जिने जन्मभर खोटं बोलणाऱ्यांना चिंधीने उघडं पाडलं, तिने सात वेळा मला खोटं सांगितलं, आणि मी न बघता सात सह्या केल्या. मला लाज वाटली. एवढी लाज मला ती आरास करूनसुद्धा वाटली नव्हती.

जुन्या ठाण्यात गेलो. लांब गज तिथे होता, मुद्देमालाच्या कपाटामागे, कायमच होता. पावतीपुस्तक आणि गज घेऊन दुपारी परत आलो. बोल्टच्या बाजूने गज घातला आणि हळूहळू चिंधी पुढे ढकलली. ती तपकिरी होऊन बाहेर पडली. मग बाईंच्याच वाकड्या चिंध्या घेतल्या. दुसरी तपकिरी, तिसरी तपकिरी, सहावी पिवळट, नववी करडी. करडीला मी पांढरी म्हटलं नाही. बारावी पांढरी निघाली. तेल लावलं, तळलं नाही. उजवीकडून डावीकडे जोडली.

पावती लिहिली. स्थितीच्या रकान्यात "नळी स्वच्छ" लिहून मंजिरीपुढे सरकवली. तिने पेन घेतलं आणि सही करायला वाकली.

"थांबा," मी म्हणालो. "आपल्याला एक डोळा मिटता येतो का?"

"अहो, मला काय कळणार त्यातलं?"

"कळायला काही लागत नाही. पलीकडचं दिसतंय का, एवढंच बघायचं."

मी बोल्ट काढून मागे कागद धरला. तिने एक डोळा मिटला आणि बराच वेळ आत पाहत राहिली. "दिसतंय," ती म्हणाली, आणि मग सही केली.